डिजिटल अभ्यास-सहायक आणि 'लातूर पॅटर्न' : एक चिकित्सक अवलोकन

प्रस्तावना :

विद्यार्थ्याच्या शंकेला कोणत्याही वेळी उत्तर देणारा, त्याच्या चुका लक्षात ठेवणारा आणि त्याच्या गतीने पुढे जाणारा डिजिटल अभ्यास-सहायक ही कल्पना आता प्रयोगशाळेपुरती राहिलेली नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. मार्च २०२३ मध्ये खान अकॅडमीने 'खानमिगो' हा संवादी शिक्षक सादर केला. भारतात राष्ट्रीय परीक्षा संस्थेने २०२० मध्येच 'नॅशनल टेस्ट अभ्यास' हे सराव-चाचण्यांचे अ‍ॅप विद्यार्थ्यांच्या हाती दिले होते. पुढे आयआयटी कानपूरच्या साहाय्याने 'साथी' हे मार्गदर्शन-पीठ उभे राहिले. महाविद्यालये, खाजगी शिकवणी वर्ग आणि हौशी संगणक-अभियंते आपापले सहायक तयार करू लागले आहेत. अशा वेळी या साधनाची चिकित्सा केवळ तंत्रज्ञानाच्या अंगाने करणे अपुरे ठरते. ते ज्या शैक्षणिक संस्कृतीत उतरणार आहे, त्या संस्कृतीच्या कसोटीवर त्याला घासून पाहणे आवश्यक आहे.

या दृष्टीने लातूरइतके बोलके क्षेत्र महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. विद्यार्थ्याला अभ्यासात पद्धतशीर साहाय्य कसे द्यावे, या प्रश्नाचे एक उत्तर या शहराने संगणकाविना शोधले आणि ते 'लातूर पॅटर्न' या नावाने राज्यभर ओळखले गेले. त्या उत्तरातील सत्त्व कोणते आणि टरफल कोणते, याचा विवेक न करता डिजिटल सहायक उभारल्यास टरफलाचीच नक्कल होईल, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

लातूर पॅटर्नचे अंतरंग :

१६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. पर्जन्यछायेतील, कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या या प्रदेशात शिक्षण हाच उन्नतीचा हमरस्ता आहे, ही जाणीव पालकांमध्ये खोलवर रुजली. राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद शिक्षण संस्थेची महाविद्यालये आणि इतर संस्था यांनी या जाणिवेला आकार दिला. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे तत्कालीन प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांचे नाव या घडणीशी आदराने जोडले जाते. १९९४ मध्ये नांदेड येथे स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू झाले. बारावीच्या परीक्षेत लातूरच्या विद्यार्थ्यांनी मिळवलेल्या यशामुळे पुण्या-मुंबईचे लक्ष मराठवाड्याकडे वळले.

या पॅटर्नचे बाह्यरूप सर्वपरिचित आहे : सुट्टीतच अभ्यासक्रमाला प्रारंभ, वेळेआधी त्याची पूर्तता, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचा कसून सराव, चाचण्यांमागून चाचण्या आणि गुणांचे सातत्याने परीक्षण. त्यावर होणारी टीकाही तितकीच परिचित आहे. या पद्धतीने घोकंपट्टीला प्रतिष्ठा दिली, मुळातच हुशार विद्यार्थी निवडून त्यांच्या यशाचे श्रेय घेतले, भाषा व सामाजिक शास्त्रांना दुय्यम ठरवले, हे आक्षेप निराधार म्हणता येणार नाहीत.

तथापि बाह्यरूपापलीकडे या पद्धतीत एक गोष्ट होती, जिच्याकडे समर्थक व टीकाकार या दोघांचेही पुरेसे लक्ष गेले नाही. उत्तरपत्रिका तपासून ती परत विद्यार्थ्याच्या हाती दिली जाई आणि चूक कोठे झाली हे शिक्षक त्याला समोर बसवून सांगत. वर्षानुवर्षे हजारो उत्तरपत्रिका तपासल्यामुळे कोणत्या प्रकरणात, कोणत्या पायरीवर, कोणत्या गैरसमजामुळे विद्यार्थ्याचा पाय घसरतो, याचे सूक्ष्म ज्ञान त्या शिक्षकांजवळ साचले. हे ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. चाचणी हे त्या ज्ञानापर्यंत पोहोचण्याचे साधन होते. चाचणीने स्मरण दृढ होते हे रोडिगर व कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रयोगांनी दाखवले. पण चाचणीनंतरचा संवाद नसेल, तर चुकीचे उत्तरही तितक्याच दृढतेने मनात बसू शकते, हे व्यवहारातील शिक्षकाला प्रयोगाशिवायही ठाऊक असते.

यंत्र-शिक्षकाचे जुने स्वप्न :

शिकवणाऱ्या यंत्राची आकांक्षा नवी नाही. अमेरिकेत सिडनी प्रेसी यांनी १९२० च्या दशकात बहुपर्यायी प्रश्न विचारणारे यंत्र बनवले. १९५० च्या दशकात बी. एफ. स्किनर यांनी अभ्यासक्रमाचे लहान लहान टप्पे पाडून, प्रत्येक टप्प्यावर तात्काळ प्रतिसाद देणारे अध्यापन-यंत्र पुढे आणले. १९६० मध्ये इलिनॉय विद्यापीठात 'प्लेटो' ही संगणकाधारित अध्यापन-प्रणाली सुरू झाली. या साऱ्या प्रयत्नांना सैद्धांतिक बळ मिळाले ते बेंजामिन ब्लूम यांच्या १९८४ मधील प्रसिद्ध निबंधाने. एकास एक शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातील सुमारे ९८ टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे जातो, असे निरीक्षण ब्लूम यांनी मांडले आणि असा परिणाम सामूहिक अध्यापनातून कसा साधावा, हा प्रश्न शिक्षणशास्त्रापुढे ठेवला.

डिजिटल सहायकाचे पुरस्कर्ते ब्लूम यांचा दाखला वारंवार देतात. मात्र कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा मानवी शिकवणीचा परिणाम ब्लूम यांच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी आढळला आणि पायरी-पायरीने मार्गदर्शन करणाऱ्या संगणक-प्रणाली त्याच्या जवळपास पोहोचल्याचे दिसले. या निष्कर्षातील मर्म 'पायरी' या शब्दात आहे. केवळ अंतिम उत्तर बरोबर की चूक हे सांगणारी प्रणाली मागे पडते. विद्यार्थ्याच्या विचाराच्या प्रत्येक पायरीशी संवाद करणारी प्रणाली पुढे जाते. लातूरच्या जुन्या शिक्षकाचे लाल शाईने केलेले टिपण हे नेमके पायरीवरचे मार्गदर्शन होते. नीटच्या बहुपर्यायी स्वरूपामुळे मात्र ही पायरीच अदृश्य झाली. १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक गुण वजा, या चौकटीत उत्तरपत्रिकेवर विचार उमटत नाही. उमटतो तो एक काळा ठिपका. त्या ठिपक्यांवर आधारलेले सराव-अ‍ॅप कितीही रंगीत आलेख दाखवत असले, तरी ते विद्यार्थ्याच्या मनापर्यंत पोहोचते असे म्हणता येत नाही.

सहायक की उत्तर पुरवणारा?

डिजिटल सहायकासंबंधीचा सर्वांत गंभीर प्रश्न येथे उपस्थित होतो. तुर्कस्तानातील एका माध्यमिक विद्यालयात सुमारे हजार विद्यार्थ्यांवर बास्तानी व सहकाऱ्यांनी केलेला गणिताचा प्रयोग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीच्या संवादी रूपातील जीपीटी-४ दिले होते, दुसऱ्या गटाला शिक्षकांच्या सूचनांनी बांधलेला सहायक दिला होता, तर तिसऱ्या गटाजवळ केवळ वही व पुस्तक होते. सरावाच्या वेळी पहिल्या गटाची कामगिरी तिसऱ्या गटाच्या तुलनेत ४८ टक्क्यांनी आणि दुसऱ्या गटाची १२७ टक्क्यांनी सुधारली. नंतर साधन काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा पहिला गट वही-पुस्तकवाल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडला. दुसऱ्या गटाचे असे नुकसान झाले नाही. परंतु त्याला लक्षणीय लाभही झाला नाही.

या प्रयोगातून दोन बोध होतात. पहिला असा की सरावातील यश हे शिक्षणाचे प्रमाण नव्हे. दुसरा बोध अधिक महत्त्वाचा आहे. ज्या सहायकाने हानी टाळली, त्याला प्रत्येक उदाहरणाचे योग्य उत्तर, त्यात विद्यार्थी सहसा करतात त्या चुका आणि द्यावयाच्या सूचना शिक्षकांनी आधी पुरवल्या होत्या. उत्तर सांगू नये, दिशा दाखवावी, अशी मर्यादा त्याच्यावर घातलेली होती. म्हणजेच यंत्र सुरक्षित ठरले ते शिक्षकाच्या चुकांविषयीच्या ज्ञानामुळे. लातूरजवळ जे संचित आहे आणि जे आजवर कोणी लिहून ठेवले नाही, ते हेच होय.

शेजारच्या नांदेड जिल्ह्याचा अनुभव येथे स्मरणीय आहे. २०१० च्या सुमारास तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांच्या पुढाकाराने तेथे कॉपीमुक्त परीक्षेची मोहीम राबवली गेली. त्या मोहिमेने एक उघडे गुपित सर्वांसमोर आणले : बाहेरून आलेली चिठ्ठी गुण देते, पण विद्यार्थ्याला रिकाम्या हाताने परत पाठवते. परीक्षा केंद्राच्या खिडकीतून येणारी चिठ्ठी आणि मागताक्षणी संपूर्ण उत्तर लिहून देणारा सहायक यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. शिक्षणाच्या दृष्टीने तो फारसा नाही. उलट चिठ्ठी घेणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्याला काही येत नाही याची जाणीव तरी असते. तुर्कस्तानातील ज्या विद्यार्थ्यांचे नुकसान झाले, त्यांना ते झाल्याची जाणीवच नव्हती. आपण शिकलो आहोत हा भ्रम अज्ञानापेक्षा अधिक घातक असतो.

भाषेचा प्रश्न :

मराठवाड्यातील विद्यार्थ्याला परक्या भाषेतून ज्ञान मिळवणे नवे नाही. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षण उर्दूतून दिले जात असे. मराठी मुलाला ती भाषा परकी होती, हे खरे. पण त्या विद्यापीठाने विज्ञानाच्या उर्दू परिभाषेसाठी स्वतंत्र भाषांतर विभाग उभारला होता, हेही तितकेच खरे. भाषा आणि ज्ञान यांचा सांधा जुळवण्यासाठी संस्थात्मक श्रम करावे लागतात, याची ती कबुली होती. महाराष्ट्रानेही १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन केले आणि त्याने विविध शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध केले.

आज दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थी अकरावीत विज्ञान शाखेत येतो आणि एकाएकी इंग्रजी पाठ्यपुस्तकासमोर उभा राहतो. नीट परीक्षा मराठीतूनही देता येते; परंतु तयारीची पुस्तके, प्रश्नसंच आणि शिकवणी प्रामुख्याने इंग्रजीत असल्यामुळे हा पर्याय बहुतेकांच्या दृष्टीने कागदावरच राहतो. या विद्यार्थ्याला मराठीत समजावून सांगणारा सहायक मिळाला, तर त्याचा खरा आधार होईल, यात शंका नाही. तथापि केवळ भाषांतराने हे काम साधत नाही. एका उदाहरणावरून ही बाब स्पष्ट होईल.

वर्तुळाकार मार्गावर एकसारख्या चालीने फिरणाऱ्या वस्तूला त्वरण असते का, हा अकरावीच्या भौतिकशास्त्रातील नेहमीचा प्रश्न. विद्यार्थी उत्तर देतो : 'वेग कायम आहे, म्हणून त्वरण शून्य.' ही चूक भौतिकशास्त्राइतकीच भाषेतून आली आहे. शालेय विज्ञानात 'चाल' ही अदिश राशी आणि 'वेग' ही सदिश राशी असा काटेकोर भेद आहे. दिशा बदलली की चाल तीच राहूनही वेग बदलतो. व्यवहारातील मराठीत मात्र गाडीचा 'वेग' म्हणजे तिची चालच असते आणि 'गती' हा शब्द हालचाल व वेग या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. इंग्रजीतील 'स्पीड' या शब्दाचे 'वेग' असे सरधोपट भाषांतर करणारा सहायक विद्यार्थ्याची चूक दुरुस्त करण्याऐवजी ती पक्की करील. 'वजन' आणि 'वस्तुमान' या जोडीचेही असेच आहे. बाजारात ज्वारीचे वजन किलोत होते. भौतिकशास्त्रात किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक असून वजन न्यूटनमध्ये मोजतात. अनुभवी शिक्षक ही गाठ क्षणात ओळखतो, कारण तो विद्यार्थ्याची भाषा आणि शास्त्राची भाषा या दोहोंच्या सीमेवर उभा असतो.

केंद्र शासनाच्या 'भाषिणी' उपक्रमामुळे २०२२ पासून भारतीय भाषांतील यांत्रिक भाषांतराला व वाणी-ओळखीला बळ मिळाले आहे. परंतु किनवट-माहूरकडील तांड्यावर गोरमाटी बोलणारा, देगलूरकडे तेलुगूच्या सान्निध्यात वाढलेला किंवा उदगीरमध्ये दखनी ऐकत मोठा झालेला विद्यार्थी प्रमाण मराठीत प्रश्न विचारेलच, असे गृहीत धरता येत नाही. त्याचा अर्धामुर्धा, अडखळत विचारलेला प्रश्न समजून घेणे ही सहायकाची पहिली पात्रता मानली पाहिजे.

सहायक कोणासाठी?

लातूरच्या उद्योग भवन परिसरात हातात वह्या घेऊन निघालेले विद्यार्थ्यांचे जथे हे या शहराचे आजचे चित्र आहे. शुल्क, खोलीभाडे आणि खानावळ यांसाठी कित्येक कुटुंबे शेत विकतात वा गहाण ठेवतात. २०२४ मध्ये नीटला २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले आणि त्याच वर्षीच्या गैरप्रकारांच्या तपासाचे धागे लातूरपर्यंत येऊन पोहोचले. गुण हेच एकमेव मूल्य ठरले की गुण मिळवण्याचा प्रत्येक मार्ग विक्रीला निघतो, याचे ते विषण्ण करणारे उदाहरण होते.

या पार्श्वभूमीवर डिजिटल सहायकाचे नैतिक समर्थन एकाच गोष्टीत आहे : जो विद्यार्थी लातूरला येऊ शकत नाही, त्याच्यापर्यंत लातूर जाऊ शकते. जळकोट, देवणी वा किनवटमधील जी मुलगी घरची परिस्थिती किंवा घरच्यांचा नकार यांमुळे शहरात राहू शकत नाही, तिच्यासाठी असा सहायक हा शेवटचा पर्याय असू शकतो. प्रत्यक्षात मात्र ही साधने प्रथम त्यांच्याच हाती पडतात, ज्यांना शिक्षक, शिकवणी आणि इंटरनेट आधीच उपलब्ध आहे. घरात एकच मोबाईल, तोही वडिलांबरोबर शेतावर, ही वस्तुस्थिती लक्षात न घेता आखलेली योजना विषमता कमी करण्याऐवजी वाढवते.

असे असले तरी अनुकूल उदाहरणे जवळच आहेत. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी, टाळेबंदीच्या काळात, 'वोपा' या संस्थेने बीड जिल्ह्यातील शिक्षकांच्या सहभागाने 'व्ही-स्कूल' हे मराठीतील विनामूल्य शिक्षण-पीठ उभे केले. या दोन्ही प्रयोगांत तंत्रज्ञान साधे होते. पण त्यांचा कर्ता शिक्षक होता आणि भाषा विद्यार्थ्याची होती.

आणखी एक बाब दुर्लक्षिता येणार नाही. विद्यार्थ्याच्या चुका, त्याच्या अभ्यासाच्या वेळा, त्याचे अपयश यांची नोंद सहायकाजवळ साठत जाते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले असून तिच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद केली आहे. अकरावी-बारावीचे बहुसंख्य विद्यार्थी या व्याख्येत येतात. शिक्षकाने पाहिलेली चूक वर्गात विरून जाते. यंत्राने टिपलेली चूक कायम राहू शकते. ती जाहिरातदाराच्या किंवा शिकवणी-विक्रेत्याच्या हाती पडू नये, ही जबाबदारी सहायक उभारणाऱ्या संस्थेचीच आहे.

उभारणीचे निकष :

उपरोक्त विवेचनाच्या आधारे लातूर-नांदेड परिसरातील महाविद्यालयांनी अभ्यास-सहायक उभारताना पुढील निकष स्वीकारणे उचित ठरेल.

१) उभारणीचा प्रारंभ संगणक विभागात न होता उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांपासून व्हावा. ज्येष्ठ व निवृत्त अध्यापकांच्या साहाय्याने प्रत्येक प्रकरणातील नेहमीच्या चुकांचा मराठी 'चूक-कोश' तयार करावा. हा कोश यंत्राविनाही उपयुक्त ठरेल.

२) विद्यार्थ्याने स्वतःचा प्रयत्न मांडल्याशिवाय सहायकाने उत्तर देऊ नये. आधी प्रतिप्रश्न, नंतर सूचना आणि सर्वांत शेवटी उत्तर असा क्रम पाळावा.

३) पारिभाषिक संज्ञा मराठी व इंग्रजी अशा दोन्ही रूपांत, परिभाषा कोशांशी पडताळून द्याव्यात आणि व्यवहारातील अर्थापासून त्यांचा भेद स्पष्ट करावा.

४) सहायकाचे यशापयश सरावातील गुणांवर न मोजता, साधन बाजूला ठेवून घेतलेल्या लेखी चाचणीवर मोजावे.

५) सहायक साध्या मोबाईलवर व मंद जोडणीवर चालावा, आणि महाविद्यालयाचे व तालुक्याचे ग्रंथालय येथे सर्वांसाठी खुला असावा.

६) यंत्राचेही चुकते, हे विद्यार्थ्याला स्पष्टपणे सांगितले जावे आणि शंका शिक्षकाकडे नेण्याची वाट खुली राहावी.

यांपैकी एकाही निकषासाठी अवाढव्य खर्च लागत नाही. लागतो तो शिक्षकांचा वेळ, आणि तोच आज सर्वांत दुर्मीळ झाला आहे. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या अध्यापकाकडून चूक-कोशाची अपेक्षा करायची आणि सहायक आला म्हणून त्याचेच तास कमी करायचे, हा विरोधाभास टाळला नाही, तर वरील सारे निकष निष्फळ ठरतील.

समारोप :

डिजिटल अभ्यास-सहायक हे वरदान की संकट, हा प्रश्न चुकीच्या पद्धतीने मांडलेला आहे. लातूर पॅटर्नने एका दुष्काळी प्रदेशातील मुलांना आत्मविश्वास दिला आणि कालांतराने त्याच पॅटर्नचे बाजारात रूपांतर झाले. त्यातील चाचण्या विकता आल्या, प्रश्नसंच विकता आले. चुकलेल्या विद्यार्थ्याजवळ बसून 'हे तू असे का केलेस?' असे विचारणारा शिक्षक मात्र विकता आला नाही, म्हणून तो मागे पडला. डिजिटल सहायकाने चाचण्यांची संख्याच वाढवली, तर बाजाराला एक नवे दुकान मिळेल. त्याने तो मागे पडलेला प्रश्न पुन्हा विचारला, तोही विद्यार्थ्याच्या भाषेत आणि ज्याला आजवर कोणी विचारले नाही त्याला, तरच त्याला सहायक हे नाव शोभेल. हा प्रश्न काय असावा हे यंत्र ठरवू शकत नाही. ते ठरवणारी माणसे लातूर-नांदेडच्या वर्गखोल्यांत आजही आहेत. ती निवृत्त होण्यापूर्वी त्यांच्याजवळचे ज्ञान लिहून घेणे, हे या परिसरातील उच्च शिक्षणसंस्थांपुढील तातडीचे कार्य होय.